लातूरच्या ट्यूशन एरियातल्या काकूंचा कोरडा शिधा: जर्मनीत राहून, खाऊन लिहिलेला रिव्ह्यू

लातूरला ट्यूशन एरियात नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरापोरींना डबे देणाऱ्या एक काकू आहेत, त्या आता काही वर्षांपासून परदेशात शिकायला जाणाऱ्या लेकरांना कोरडा शिधा पण बांधून देतात. दुकान नाही, पाटी नाही, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत एक वजनकाटा अन् पिशवीचं तोंड चिकटवायचं मशीन एवढाच पसारा. मी त्यांच्याकडून सामान घेऊन जर्मनीत चेम्नित्झला आलो, ते संपलं, परत मागवलं, आता माझा मावसभाऊ यायलाय तर त्याची ऑर्डर पण तिथंच दिलीय. म्हणून म्हणलं एकदा सविस्तर लिहावं, कारण लातूर, नांदेड, बीड, परभणीकडून आलेल्या पोरांच्या बॅगा इथं उघडताना मी बघितल्यात, त्यात चिवडा-चकल्या बक्कळ असतात, लाडवाचे डबे असतात, पण थकून आल्यावर रात्री पोटभर जेवता येईल असं काहीच नसतं.

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. येसर (भाजलेली धान्यं, डाळी अन् मसाला दळून केलेलं आमटीचं पीठ) आणि पहिल्या आठवड्याची पिशवी डोळे झाकून घ्या. धपाट्याचं पीठ घ्या. ज्वारीचं पीठ मोजकंच घ्या. लोणचं घेऊ नका.

काकूंकडं गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे त्या यादी पुढं करत नाहीत, आधी विचारतात. कोणत्या देशात चाललास, विमान कुठून बदलायचंय, राहायचं कुठं, स्वैपाकघर तुझ्या एकट्याचं का सगळ्यांत मिळून, शेगडी कसली, घरी स्वैपाक कधी केलायस का, रात्री किती वाजता येशील. माझी आई तर म्हणली की अहो एवढी चौकशी तर व्हिसावाल्यांनी पण केली नाही. पण नंतर कळलं की त्यातल्या प्रत्येक प्रश्नाचा बॅगेतल्या एकेका पुडीशी संबंध होता. इतकी वर्षं बाहेरगावच्या लेकरांना जेवू घालून काकूंना एक पक्कं माहीत झालंय, की अभ्यासाच्या दिवसात पोरगं उपाशी राहतं ते सामान नसल्यामुळं नाही, त्या सामानाचं जेवण करायला लागणारा तास त्याच्याकडं नसतो म्हणून. त्यामुळं त्यांचा सगळा शिधा पंधरा-वीस मिनिटांत ताटात येईल असाच असतो अन् माझ्या मते हीच या सर्व्हिसची खरी किंमत आहे.

येसराबद्दल जरा जास्त लिहितो कारण ते लिहिण्यासारखं आहे. मराठवाड्यात लग्नघरी येसर दळलेलं सगळ्यांनी बघितलंय, पंगतीतली ती झणझणीत येसर आमटी सगळ्यांनी ओरपलीय, पण रोजच्या जेवणात त्याचा असा उपयोग होईल हे मला पण घरी असताना सुचलं नव्हतं. ज्वारी, गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ हे सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं, धने-जिरे-मिरे-लवंग-दालचिनी वगैरे भाजायचं, हळद-तिखट घालायचं आणि बारीक दळायचं. म्हणजे धान्य आधीच भाजून तयार आहे, मसाला त्यातच आहे, आमटी घट्ट करायला वेगळं काही लागत नाही. भांड्यात थोडं तेल, लसूण ठेचून टाका, पाणी टाका, येसर थोड्या पाण्यात कालवून घाला म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मीठ, जमलं तर चिंच आणि गुळाचा खडा, दोन-चार उकळ्या आल्या की झालं. कुकर लागत नाही, डाळ भिजवायची नाही, कांदा चिरत बसायचं नाही. बाजूच्या चुलीवर तेवढ्यात भात होतो.

आता हे इथं इतकं मोलाचं का ते सांगतो. डिसेंबरात इथं दुपारी चारच्या सुमाराला अंधार पडतो. लेक्चर, मग लॅब, मग ज्याला विद्यापीठातच काम मिळालंय त्याचं काम, नाहीतर कुठं गोडाऊनला शिफ्ट, असं करून माणूस रूमवर येतो तेव्हा हात गारठलेले असतात अन् बाहेर जाऊन खायचं म्हणलं तर खिसा बघावा लागतो. जर्मनीत स्टुडंट व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, आणि त्यातनं महिन्याला 992 युरोच काढता येतात. त्यातच रूमचं भाडं, त्यातच हेल्थ इन्शुरन्स, त्यातच फोन, त्यातच खाणं. काम करून भर घालता येते, पण त्याला पण मर्यादा आहे, वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस, अन् परीक्षेच्या दिवसांत ते पण होत नाही. दुपारी मेन्झा म्हणजे विद्यापीठाची कँटीन असते, तिथं विद्यार्थ्यांना जेवण स्वस्त असतं अन् शाकाहारी पण बऱ्यापैकी भेटतं, बटाटा-पास्ता-भाज्या असं, ते पोट भरतं, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. प्रश्न रात्रीचा असतो. रात्री पोरं ब्रेडवर नाहीतर इन्स्टंट नूडल्सवर दिवस काढायला लागतात, आठवड्यात दोनदा मग तीनदा मग रोजच, आणि वजन अन् तब्येत दोन्ही उतरायला लागते. माझ्या मजल्यावरच्या आंध्राकडच्या मित्रानं एकदा येसर आमटी खाल्ली, तेव्हापासून त्याचा भात अन् माझी आमटी अशी वाटणी आमच्यात ठरलेलीच आहे, रोज एकालाच स्वैपाक करायचं जिवावर येतं, दोघं असले की होऊन जातं.

काकूंनी सांगितलं होतं की येसर चार जागी वापरता येतं अन् ते खरं निघालं. बटाट्याचा रस्सा, वांग्याची भाजी, उकडलेल्या अंड्याची करी, आणि इथं डब्यात शिजवलेले छोले किंवा राजमा भेटतात ते धुवून त्यात येसर टाकलं की इतकी चांगली उसळ होते की मोड आणायची आठवणच येत नाही. एक किलो येसर एका माणसाला एक सेमिस्टर धकतं, आठवड्यात दोन-तीनदा केलं तरी. पुडी फोडली की काचेच्या बरणीत घालून घट्ट झाकण लावा, जॅमच्या रिकाम्या बरण्या इथं सगळ्यांकडं असतात.

फोडणीचं वेगळं सांगायला पाहिजे. इथल्या होस्टेलात स्वैपाकघर बहुतेक चार-सहा जणांत मिळून असतं आणि खोल्यांत, कॉरिडॉरमध्ये स्मोक डिटेक्टर असतात. तेल तापवून त्यात मिरच्या टाकल्या अन् खोलीचं दार उघडं राहिलं की काय होतं ते कल्पना करा. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकाच्या ठसक्यामुळं सगळे रात्री खाली थंडीत उभे होते. काकू यावर जे देतात ते मला फार आवडलं: मोहरी, जिरं, लसणाचे काप, कढीपत्ता, सुकी मिरची हे सगळं आधीच कमी तेलात कुरकुरीत तळून, तेल निथळून, पुडीत. उकळत्या आमटीत दोन चमचे टाकायचे. ताज्या फोडणीचा चर्र आवाज अन् तो वास नाही येत हे मान्य, पण चव पंच्याहत्तर टक्के तीच येते आणि धूर अजिबात नाही. कढीपत्ता अशा तळलेल्या रूपात असणं पण बरं, कारण ताजी पानं, ताजी फळं, भाज्या हे भारतातून युरोपियन युनियनमध्ये आणायचं तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे त्यात कीड-रोग नाही असा सरकारी दाखला लागतो, तो आपल्यासारख्याकडं कुठून असणार. आंबे, लिंबं, कढीपत्त्याच्या जुड्या बॅगेत घालून आलेल्यांचं सामान विमानतळावर काढून घेतात.

त्याच धर्तीवर काकू तूप देत नाहीत, खवा देत नाहीत, पेढे देत नाहीत. युरोपियन युनियनच्या बाहेरून येताना प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. माझ्या आज्जीनं कुंथलगिरीचे पेढे मुद्दाम मागवून ठेवले होते, तिथल्या खव्याला 2024 ला जीआय (त्या भागाची खासियत म्हणून मिळणारं मानांकन) मिळालंय, त्यामुळं तिला अजूनच कौतुक, पण काकूंनी आज्जीला समोर बसवून शांतपणे समजावलं की आजी, हे लेकरू जायच्या आदल्या दिवशी इथंच खाऊ घाला. आज्जीनं ऐकलं. आईनं दहादा सांगून ऐकलं नव्हतं.

आणि खसखस. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आपल्या काळ्या मसाल्यात खसखस असतेच, पण दुबई, अबूधाबीकडं म्हणजे यूएईत खसखस न्यायला सक्त मनाई आहे, सिंगापूरला पण आहे. आपली कितीतरी पोरं आखाती देशांतून विमान बदलून युरोपात जातात, सामान थेट पुढं जातं हे खरं, पण कनेक्शन चुकलं, बॅग तिथंच उतरवून घ्यावी लागली तर उगं कशाला घोर. म्हणून परदेशवाल्या मसाल्यात काकू खसखस घालतच नाहीत. जर्मनीत खसखस सुपरमार्केटात उघड्यावर भेटते, इथं तिचे केक करतात, तेव्हा ज्याला पाहिजे त्यानं इथं घेऊन भाजून घालावी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांचं पण तसंच, त्यात तेल जास्त असल्यामुळं पेट घेणारी वस्तू म्हणून विमानात अडवतात, काकू खोबरं भाजून मसाल्यातच दळून देतात. अशा गोष्टी त्यांना कशा कळल्या विचारलं तर म्हणल्या, "आधी गेलेल्या लेकरांनी फोन करून सांगितलं, मी वहीत लिहून ठेवलं." ती वही मी बघितली. देशाप्रमाणं पानं आहेत.

मसाल्याच्या चवीचं म्हणाल तर काळा मसाला चांगला आहे, दगडफूल जरा पुढं येतं, तिखटपणा आपल्या घरच्यापेक्षा कमी. मला अजून तिखट चाललं असतं, पण मिळून स्वैपाकघर असलं की कमी तिखटच बरं, दुसऱ्याला पण ताटात वाढता येतं.

आता ज्वारी. इथं मला काकूंशी जरा मतभेद आहे. मी मराठवाड्यातला, भाकरीबिगर जेवण झालंय असं वाटत नाही, म्हणून मी तीन किलो मालदांडी ज्वारीचं पीठ मागितलं अन् त्यांनी दिलं पण. त्यांनी मला तिथं थांबवायला पाहिजे होतं असं वाटतं, बाकी सगळ्यात एवढं विचारतात तर यात का नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्यातला चिकटपणा जातो, थापताना कडा चिरतात, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे होतात. पहिला महिना भाकऱ्या सुरेख झाल्या, पुढं पुढं उकळतं पाणी घालून मळलं तरी जमेना. त्यात इथल्या शेगड्या, सपाट काचेच्या विजेच्या नाहीतर इंडक्शनच्या, त्यावर जाळ नाही, त्यामुळं तव्यावरनं काढून आचेवर भाकरी फुगवायची सोयच नाही. तव्यावरच फडक्यानं दाबून शेकावी लागते, होते ती, पण घरची ती पापुद्र्याची भाकरी विसरा. म्हणून एक किलोच्या वर पीठ नेऊ नका, अन् ते फ्रीजरमध्ये जागा भेटली तर तिथं ठेवा.

धपाट्याचं पीठ मात्र उत्तम. ज्वारी, गहू, हरभऱ्याचं पीठ, त्यात तिखट-मीठ-हळद-ओवा-तीळ सगळं घालूनच येतं, तुम्ही फक्त कोथिंबीर नाहीतर किसलेली काकडी-गाजर काहीही घालून दह्यात मळा. गव्हामुळं ते धरून राहतं, पीठ जुनं झालं तरी फरक पडत नाही. ओल्या फडक्यावर थापायला जागा नसते स्वैपाकघरात, तर बेकिंग पेपरवर थापा अन् पेपरसकट तव्यावर उलटा, लगेच सुटतो. दोन दिवस टिकतात, लॅबला डब्यात नेता येतात. संपलं की इथं पण जमवता येतं, सुपरमार्केटात गव्हाच्या पिठावर आकडे असतात, 405, 550, 1050 असे, आकडा जेवढा मोठा तेवढा त्यात कोंडा जास्त. 405 आपल्या मैद्यासारखा, पोळीला घेऊ नका. 1050 अन् फोलकोर्न म्हणजे अख्ख्या गव्हाचं, हे दोन मिसळून पोळी-धपाटे बऱ्यापैकी होतात. आशियाई दुकानात आटा पण भेटतो पण महाग पडतो.

शेंगदाण्याची चटणी लातूरची म्हणजे काय सांगायचं. कुटलेली, तेल सुटलेली, लसूण भरपूर. ब्रेडवर लोण्याचा हात फिरवून वर चटणी, सकाळी बस पकडायच्या आधी हाच नाष्टा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे ती बाहेर ठेवली की दोनेक महिन्यांत खवट व्हायला लागते, फ्रीजला ठेवा, नाव लिहून. दुसरी फार महत्त्वाची, इथं काही जणांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते अन् ती जिवावर बेतू शकते, तेव्हा स्वैपाकघर वाटून घेणाऱ्यांना पहिल्याच दिवशी विचारा अन् चटणीचा चमचा, ताट वेगळं ठेवा. काकूंच्या चटणीच्या पुडीवर इंग्रजीत अन् जर्मनमध्ये शेंगदाणा आहे म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, हे पण त्या वहीतनंच आलेलं.

सगळ्याच पुड्यांवर तसं लेबल असतं, आत काय आहे, कधी दळलं, किती वजन. त्यांचा मुलगा कॉम्प्युटरवर छापून देतो. शिवाय सगळ्या सामानाची एक छापील यादी बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवायला देतात. कस्टमवाल्यानं बॅग उघडली तर बिगरलेबलच्या काळ्या-लाल-पिवळ्या पावडरी बघून त्याला प्रश्न पडणारच, यादी दाखवली की काम सोपं होतं. माझी बॅग उघडली होती, त्या माणसानं यादी वाचली, येसराची पुडी वर-खाली करून बघितली आणि जायला सांगितलं. पुडी एकही फुटली नव्हती. पिशव्या जाड आहेत, दोनदा चिकटवलेल्या. वजन पण त्या तिथंच करून देतात, 23 किलोच्या बॅगेत शिधा सहा-सात किलोच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणतात कपडे अन् कागदं आधी.

लोणचं मात्र गळलं. जाड पिशवी, तिच्यावर अजून पिशवी, तरी तेलानं वाट काढलीच अन् एका जॅकेटला वास लागला तो बरेच दिवस गेला नाही. काकूंना फोटो पाठवला तर त्यांनी लोणच्याचे पैसे आईला परत दिले, आई नको म्हणत असताना. वागणूक चांगली पण वस्तू घेऊ नका, लोणचं इथं आशियाई दुकानात भेटतं.

तूरडाळीचा प्रश्न बरेच जण विचारतात. काकूंकडं निलंग्याकडची बोरसुरीची तूरडाळ असते, तिला पण जीआय आहे, चव वेगळीच आहे यात वाद नाही. पण कच्ची डाळ हे वजन आहे. मी एक किलो आणली होती, ती सणावाराला वापरली, वरण-पुरण असं. रोजच्यासाठी इथल्या तुर्की दुकानात मसूर स्वस्त भेटते अन् कुकरबिगर पण लवकर शिजते. कुकर आणणार असाल तर स्टीलचा अन् इंडक्शन बेसचा आणा, अ‍ॅल्युमिनियमचा इंडक्शनवर तापतच नाही. व्होल्टेज तिथलं इथलं सारखंच, 230, पण आपली तीन पिनांची पिन इथं बसत नाही, अडॅप्टर घ्या.

आता पहिल्या आठवड्याची पिशवी. ही कल्पना काकूंची स्वतःची अन् माझ्या लेखी सगळ्यात भारी. बाकी शिधा मोठ्या बॅगेत, ही पिशवी वेगळी, बॅग उघडली की सगळ्यात वर. त्यात भाजलेल्या रव्याचा उपमा-सांजा, ज्यात फक्त गरम पाणी घालायचं, येसराच्या एका वेळच्या छोट्या पुड्या, गूळ घातलेल्या तेलातल्या दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, चहाची पावडर अन् साखर एकत्र, थोडं मीठ, आणि एक छोटं स्टीलचं पातेलं, एक चमचा, एक वाटी. पातेलं बघून मला वाटलं हे कशाला, तिथं घेता येईल की. पण विचार करा तुम्ही कधी पोचता. फ्रँकफर्टला उतरून, लाइपझिगला गाडी बदलून, दोन बॅगा ओढत रूमवर आलात आणि तो रविवार असला तर सगळी सुपरमार्केटं बंद. जर्मनीत रविवारी दुकानं बंदच असतात, मोठ्या स्टेशनावरची अन् काही बेकऱ्या सोडल्या तर. सेमिस्टर ऑक्टोबरच्या एक तारखेला सुरू होतं अन् तीन ऑक्टोबरला परत राष्ट्रीय सुट्टी, त्या दिवशी पण बंद. होस्टेलच्या स्वैपाकघरात नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, शेगडी असते, पण भांडी ज्याची त्याची असतात, दुसऱ्याच्या भांड्याला विचारल्याबिगर हात लावायचा नाही. म्हणजे पाणी आहे, आग आहे, अन् चहा करायला भांडं नाही.

पुढचे चार-पाच दिवस पण तसेच. पत्ता नोंदवायला सरकारी ऑफिस, तिथली अपॉइंटमेंट, बँक, इन्शुरन्सचा कागद, विद्यापीठात एनरोलमेंट, सिमकार्ड, किल्ल्या, प्रत्येक ठिकाणी कागद मागतात तो दुसऱ्या ठिकाणी मिळतो. त्या दिवसांत कुठलं दुकान कुठं आहे, कशात काय आहे, पाकिटावर जर्मनमध्ये काय लिहिलंय, त्यात जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासनं करतात ते) आहे का हे बघत बसायची ताकद नसते. मी पहिला आठवडा त्या पिशवीवर काढला. सकाळी सांजा अन् चहा, दुपारी बाहेर काहीतरी, रात्री येसर आमटीत दशमी कुस्करून. आईचा फोन यायचा तेव्हा जेवलो का या प्रश्नाला खरं उत्तर देता येत होतं, अन् हे तिच्यासाठी किती मोठं होतं ते मला तिच्या आवाजावरून कळत होतं. आमच्याकडनं नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगतो, बाकी काही घेऊ नका पण ही पिशवी घ्या. ज्यांना लातूरला जाणं जमत नाही त्यांनी घरी अशी बांधावी, त्यात गुपित असं काही नाही, फक्त पातेलं विसरू नका.

पैशाचं बोलायचं तर माझा सगळा शिधा पहिल्यांदा साडेचार हजारांच्या आसपास गेला, पहिल्या आठवड्याच्या पिशवीसकट. घरी केलं तर स्वस्त पडेल हे उघड आहे, पण माझी आई शाळेत नोकरी करते, जायच्या आधीच्या महिन्यात घरात कागदपत्रांची, खरेदीची, पाहुण्यांची जी धांदल असते त्यात तिनं धान्यं भाजत बसावं असं मला वाटत नव्हतं. ज्यांच्या घरी आज्जी, काकू, मावश्या मिळून करणाऱ्या आहेत त्यांनी घरीच करावं, काकू स्वतः तसं सांगतात, अन् येसराचं प्रमाण विचारलं तर लिहून पण देतात.

दुसऱ्यांदा मागवायचं असेल तर पार्सलपेक्षा येणाऱ्या माणसाच्या बॅगेतनं मागवा. मी एकदा कुरियरनं मागवलं, पार्सल कस्टममध्ये अडकलं, पत्र आलं, मग स्वतः कस्टमच्या ऑफिसात जाऊन पुड्या उघडून दाखवाव्या लागल्या. घरच्यांनी भेट म्हणून पाठवलेलं 45 युरोपर्यंतचं सामान करमुक्त असतं, पण पार्सलवर आतल्या वस्तू अन् किंमत नीट लिहिलेली पाहिजे, कुरियरवाल्यानं नुसतं "फूड" लिहून सोडून दिलं होतं. काकूंकडं आता हे पण वहीत गेलंय, पार्सलला त्या वस्तूवार यादी लावून देतात. वजनाच्या मानानं कुरियरचा खर्च शिध्यापेक्षा जास्त झाला, ते परवडत नाही.

फोनवर काकू कधी उचलतात हे पण लिहितो. रात्रीचे डबे गेले की दहानंतर त्या मोकळ्या असतात, म्हणजे हिवाळ्यात इथले साडेपाच, उन्हाळ्यात साडेसहा, कारण इथं घड्याळ वर्षातनं दोनदा पुढं-मागं होतं. आमटी पातळ झाली, पीठ चिकटायलंय, काहीही विचारा, व्हॉइस नोट पाठवतात. एकदा मी परीक्षेच्या आधी नुसतं सांगितलं की भूक लागत नाही, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील कशी करायची ते सांगितलं, जुन्या पिठाला भाकरी जमत नाही पण आंबील होते म्हणून. उरलेलं सगळं पीठ त्यातच कामाला आलं, वाया गेलं नाही.

सुधारणा म्हणाल तर तीन सांगितल्यात मी त्यांना. येसर किलोच्या पुडीऐवजी पाव-पाव किलोत द्या, एकदा फोडलं की वास कमी होतो. ज्वारीच्या पिठाला एक किलोची मर्यादा तुम्हीच घाला, लेकरं हट्ट करतात. अन् कुरडया-पापड द्यायचं बंद करा, ते फार जागा खातात, चुरा होऊन पोचतात आणि तळायला तेल-धूर दोन्ही लागतं. पहिल्या दोन त्यांनी मान्य केल्या. कुरडयांवर म्हणल्या, आया ऐकत नाहीत रे.

ऑर्डर द्यायची असेल तर जुलैच्या आत द्या. दळण-भाजणी त्या ऊन असताना करून ठेवतात, पावसात धान्य सर्द होतं म्हणून भर पावसाळ्यात नवीन भाजत नाहीत, अन् ऑगस्ट-सप्टेंबरात जर्मनी, आयर्लंड, यूकेवाल्यांची एकदम गर्दी होते. व्हिसाची तारीख पक्की नसली तरी नाव लिहून घेतात, पैसे सामान उचलताना. मावसभावाचं नाव लिहिलंय, त्याच्या यादीत लोणच्याच्या जागी पाव किलो येसर जास्त टाकायला सांगितलंय, त्यातलं निम्मं माझं आहे.